कार्ड खोटं नव्हतं, छोट्या

प्रिय छोट्या,

बाबांचा फोन आला होता. “पोराला दुकानदारानं फसवलं,” एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. बाबा फोनवर गप्प झाले की घरात पुढे काय काय होतं, हे मी तुला सांगायला नको. जिनिंगच्या वह्या लिहिण्यात ज्यांची हयात गेली, एका रुपयाचा मेळ लागेपर्यंत जे ताटावर बसत नाहीत, त्या माणसाला तू सांगितलंस की आपले पैसे पाण्यात गेले. कशाच्या जोरावर सांगितलंस? ग्राफिक्स कार्डाचं नाव तरी नीट वाचलं होतंस का? आणि मला फोन केलास तो कधी, तर कार्ड विकायची जाहिरात टाकून झाल्यावर!

आता खेळात डीएलएसएसचा तो पर्याय दिसतोय. “दिसलं ताई, दिसलं,” म्हणून ओरडलास आणि लगेच फोन ठेवलास. तुला खेळायचं होतं, मला कळतं ते. पण बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून लिहिते आहे. चारचौघांत लिहिते आहे, कारण नांदुऱ्यात, मलकापुरात, चिखलीत, अगदी आपल्या गल्लीतही तुझ्यासारखी पोरं आहेत. त्यांच्याही खेळातून हा एक पर्याय असाच नाहीसा होतो आणि त्यांनाही कोणीतरी छातीठोकपणे सांगतं की कार्ड डुप्लिकेट आहे.

फोनवर काय म्हणाला होतास, आठवतं? “ताई, डीएलएसएसचं ऑप्शनच नाई दिसून राह्यलं. आपल्या इकडं असाच माल येते.” ऑप्शन दिसत नाही याचा मला राग नाही आला. दिवसभर लोकांच्या संगणकातले दोष शोधणं हेच माझं पोट आहे. असं काही ऐकलं की उलट मला हुरूप येतो. राग आला तो तुझ्या ‘आपल्या इकडं’चा. त्यावर येतेच मी. आधी झालं काय ते तुला एकदा सलग सांगू दे, कारण फोनवर मी सांगत गेले आणि तू करत गेलास. का करतोयस ते तू विचारलं नाहीस.

सुरुवात मे महिन्यातल्या त्या दुपारी झाली. नवा ड्रायव्हर टाकायला घेतलास आणि अर्ध्यावर लाईन गेली. विंडोजला कार्डाशी बोलता येतं ते ड्रायव्हरमुळे. तो अर्धवट राहिला तर विंडोज आपला कामचलाऊ ड्रायव्हर लावून मोकळं होतं. डिव्हाइस मॅनेजर उघडलं असतंस तर तिथे एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ दिसलं असतं. अक्षरं मोठी, चित्रं ओबडधोबड, सगळं जड. तू घाबरलास. घाबरल्यावर मला फोन करायचा सोडून मित्राला विचारलंस, आणि त्यानं बायोसमध्ये जाऊन आतलं ग्राफिक्स चालू करायला लावलं आणि एचडीएमआयची केबल कार्डातून काढून वरच्या, मदरबोर्डच्या खाचेत घालायला लावली.

चित्र एकदम स्वच्छ झालं, बरोबर? साहजिक होतं. तुझ्या आय-५ १२४०० प्रोसेसरमध्ये इंटेलचं यूएचडी ७३० नावाचं छोटं ग्राफिक्स आधीच आहे. पडदा आता त्याच्यावर चालू लागला. ज्या कार्डासाठी बाबांनी हंगामाच्या शेवटी पैसे काढून दिले, ते कार्ड पेटीत नुसतं बसून राहिलं. मग तू ‘द विचर ३’ लावलास. खेळ रखडत चालला, डीएलएसएसचं नावही नाही. येणार कुठून? इंटेलच्या ग्राफिक्सवर एनव्हिडियाची सोय दिसेल कशी? एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनल उघडलं तर ते तुला सरळ सांगत होतं की तुमचा पडदा आमच्या कार्डाला जोडलेला नाही. ती सूचना तू बंद केलीस. तूच म्हणालास, “हो, असं काहीतरी येत होतं.” छोट्या, यंत्र खरं बोलत होतं आणि तू मित्रांचं ऐकत होतास.

आणि मित्र तरी काय काय सांगत होते! एकानं सांगितलं विंडोज नवं टाक. दुसऱ्यानं सांगितलं पॉवर सप्लाय बदल. तिसऱ्यानं ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग’ चालू करायला लावलं. या तिसऱ्याच्या सल्ल्यात थोडं तथ्य होतं, पण ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. नव्या कार्डांवरच्या ‘फ्रेम जनरेशन’ला ते लागतं, नुसतं चित्र मोठं करणाऱ्या डीएलएसएसला लागत नाही. आणि शेवटी कोणीतरी म्हणालं, कार्डच बनावट आहे. त्याला पुरावा कोणी मागितलाच नाही.

बनावट कार्डं बाजारात असतात, हे मी नाकारत नाही. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये नव्या कार्डाचं नाव भरून ते विकण्याचे प्रकार झाले आहेत. म्हणूनच टेकपॉवरअपच्या जीपीयू-झेड या फुकट मिळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये २०१८ पासून अशी फसवणूक ओळखायची सोय आहे. कार्ड खोटं वाटलं तर तो नावाआधी तसा शिक्काच मारतो. केबल जागेवर आणल्यावर आपण तोच तर चालवला. ३५८४ कोअर, १२ जीबी मेमरी, १९२ बिटचा मार्ग. जे आरटीएक्स ३०६० मध्ये असायला हवं ते सगळं होतं. हे तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आपल्या खामगावात चांदीचा तुकडा हातात आला की आधी कस लावतात आणि मग तोंड उघडतात. रजतनगरीच्या पोरानं कस न लावताच माल खोटा ठरवावा?

मग आपण केलं ते असं: केबल कार्डात घातली. इंटरनेट काढून ठेवलं, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर उतरवून घेतं. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमनं जुन्या ड्रायव्हरचे सगळे अवशेष पुसले. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाकला. कार्डाचं नाव आलं, चित्र आलं, खेळ पळायला लागला. आणि तरीही डीएलएसएस नाही! तेव्हा तुझा आवाज किती बारीक झाला होता. “पाय, मी म्हटलं होतं ना.” त्या क्षणी तुला आपलं म्हणणं खरं ठरल्याचं थोडंसं समाधानही झालं होतं, खोटं बोलू नकोस.

तिथे खरी गंमत होती. ‘विचर ३’ हा २०१५ चा खेळ. तेव्हा डीएलएसएस जन्मलंही नव्हतं. १४ डिसेंबर २०२२ ला त्याची मोठी सुधारित आवृत्ती फुकटात आली आणि तिच्यात हे सगळं घातलं गेलं, पण फक्त विंडोजच्या डायरेक्टएक्स १२ वर चालणाऱ्या खेळात. डायरेक्टएक्स ११ वर चालणारा खेळही त्यांनी जुन्या संगणकांसाठी ठेवला. दोन्ही एकाच ठिकाणी, दोन वेगळ्या फोल्डरांत राहतात: एकाचं नाव एक्स६४, दुसऱ्याचं एक्स६४ डीएक्स१२. तू डेस्कटॉपवर केलेला शॉर्टकट पहिल्या फोल्डरातला होता. रोज त्याच्यावर दोनदा क्लिक करून रोज जुना खेळ उघडत होतास. दुसऱ्या फोल्डरातून उघडला आणि ग्राफिक्सच्या यादीत तो पर्याय होता. पहिल्यापासून होता.

आता डीएलएसएसचं हे बटण मुळात करतं काय, ते ऐक. तुझ्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके आहेत, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. खेळातली प्रत्येक चौकट काढताना कार्डाला एवढ्या ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो, तोही सेकंदाला साठ वेळा. डीएलएसएस ‘क्वालिटी’वर ठेवलंस की कार्ड आतल्या आत १२८० बाय ७२० चंच चित्र काढतं, ९ लाख २१ हजार ६०० ठिपक्यांचं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. उरलेलं चित्र भरून काढण्यासाठी ते मागच्या चौकटींतला साठवलेला तपशील वापरतं, आणि कोणती वस्तू कुठून कुठे सरकली याच्या नोंदी पाहतं. मग शिकवून तयार केलेलं न्यूरल नेटवर्क अंदाज बांधतं. तो हिशोब कार्डातले टेन्सर कोअर करतात. तुझ्या कार्डात ते ११२ आहेत. जीटीएक्स १६५० किंवा १६६० मध्ये एकही नाही. म्हणून त्या कार्डांवर डीएलएसएस कधीच दिसणार नाही, मग ड्रायव्हर कितीही वेळा बदला.

आणि त्या ‘सरकण्याच्या नोंदी’ कोण देतं? खेळ देतो. म्हणून हा पर्याय कंट्रोल पॅनलमध्ये नसतो, खेळाच्या आत असतो, आणि ज्या खेळाच्या कर्त्यांनी तो घातलेला नाही तिथे तो शोधून सापडत नाही. तुझा शेगावचा मित्र ‘व्हॅलोरंट’मध्ये शोधत बसला होता ना? त्यात तो नाहीच. ‘जीटीए ५’ चं तसंच. पीसीवर २०१५ ला आलेल्या मूळ खेळात तो नाही; ४ मार्च २०२५ ला आलेल्या ‘एन्हान्स्ड’ आवृत्तीत आहे, आणि ज्यांनी मूळ खेळ पीसीसाठी घेतला आहे त्यांना ती फुकट मिळते. हे त्याला सांग. बिचारा कार्ड बदलायला निघाला होता.

तुला आठवतं का, तू लहान होतास तेव्हा आपल्या त्या जुन्या डबड्यावर मी ‘व्हाइस सिटी’ खेळायचे? तू मांडीवर बसायचास आणि गाडी पाण्यात घालायला लावायचास. खेळात पाऊस आला की सगळं अडखळायचं. मग मी सेटिंगमध्ये जाऊन ८०० बाय ६०० करायचे. चित्र धुरकट व्हायचं, पण गाडी चालायची. ठिपके कमी करून वेग मिळवायचा, हे तेव्हाही होतंच. फरक एवढाच की तेव्हा उरलेलं चित्र आपल्या डोळ्यांनी भरून काढायचं असायचं. २०१८ मध्ये आरटीएक्स २० मालिकेबरोबर डीएलएसएस आलं तेव्हा तेही धुरकटच होतं, आणि प्रत्येक खेळासाठी त्याला वेगळं शिकवावं लागायचं. मार्च २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते खऱ्या अर्थानं कामाचं झालं.

माझं ऐकशील तर तुझ्या पडद्यावर ‘क्वालिटी’च्या खाली जाऊ नकोस. ‘परफॉर्मन्स’वर आतलं चित्र ९६० बाय ५४० चं होतं, म्हणजे जेमतेम पाव ठिपके. एवढ्या कमी माहितीवर चांगला अंदाज बांधता येत नाही. झाडांची पानं आणि केस थरथरतात. मोठ्या, ४के पडद्यावर तो पर्याय शोभतो. १०८० वर नाही.

नंतर तू विचारलंस, फ्रेम जनरेशन काहून नाही? हे मात्र तुझ्या कार्डात नाहीच, आणि कुठल्याही फोल्डरात ते सापडणार नाही. दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये एक तयार केलेली चौकट घालायची ही सोय एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२२ मध्ये ४० मालिकेबरोबर आणली आणि त्या मालिकेपासून पुढच्या कार्डांनाच दिली. तेव्हा कारण सांगितलं होतं की त्यासाठी नव्या कार्डातला हालचाल मोजणारा खास भाग लागतो. २०२५ मध्ये डीएलएसएस ४ आलं तेव्हा तो भाग बाजूला ठेवून तेच काम न्यूरल नेटवर्ककडे दिलं, तरी ३० मालिकेला सोय मिळाली नाही. मला हे पटत नाही. त्याच वेळी हेही सांगायला हवं की त्याच डीएलएसएस ४ मधलं चित्र मोठं करण्याचं नवं, सुधारलेलं तंत्र २० आणि ३० मालिकेच्या जुन्या कार्डांनाही दिलं गेलं. तुझ्या कार्डाचं चित्र विकत घेतल्यानंतर सुधारलं आहे. अशी वस्तू विकायला काढलीस तू!

एनव्हिडियाच्या स्पर्धक एएमडीचे आभार मानायला हवेत ते इथे. त्यांनी जून २०२१ मध्ये चित्र मोठं करणारं आपलं एफएसआर आणलं ते कोणाच्याही कार्डावर चालेल असं, स्पर्धकाच्या जुन्या जीटीएक्सवरसुद्धा. ते टेन्सर कोअर मागत नाही. २०२३ च्या एफएसआर ३ मध्ये तर चौकटी तयार करण्याची सोयही आहे, आणि ‘सायबरपंक २०७७’ मध्ये ती सप्टेंबर २०२४ पासून मिळते. तेव्हा तुला त्या खेळात फ्रेम जनरेशन हवंच असेल तर तुझ्या एनव्हिडियाच्या कार्डावर एएमडीचं वापर. एफएसआर ४ मात्र त्यांनीही २०२५ मध्ये आपल्या ९००० मालिकेसाठीच आणलं. कंपन्या अशाच असतात. पण ती पहिली तीन-चार वर्षं ज्यांच्याकडे नवं कार्ड घ्यायला पैसे नव्हते त्यांची सोय झाली, ही गोष्ट लहान नाही. गल्लीत ज्यांच्याकडे १६५० आहे त्यांना हे समजावून सांग. खेळात एफएसआर नसेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘इमेज स्केलिंग’ आहे. नोव्हेंबर २०२१ पासून ते जीटीएक्सवरही चालतं. ते तयार झालेलं चित्रच ताणून धारदार करतं, म्हणून डीएलएसएसइतकं सुबक दिसत नाही, पण खेळाच्या परवानगीचीही गरज पडत नाही. फक्त केबल कार्डात हवी.

एक काम आईसाठी कर. ती दुपारी ब्राउझरवर जुने मराठी सिनेमे लावते, ते सगळे धुरकट. एनव्हिडिया ॲपमध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ‘सुपर रिझोल्यूशन’ आहे. क्रोम आणि एजमध्ये चालतं, आणि तुझ्या मालिकेच्या कार्डांना फेब्रुवारी २०२३ पासून आहे. चालू करून दे तिला. सांगू नकोस काय केलंस ते. तिला चेहरे नीट दिसले की पुरे.

आता ‘आपल्या इकडं’बद्दल.

हीच केबल मदरबोर्डला लावलेली मी पुण्यात पाहिली आहे. बाणेरच्या चकचकीत फ्लॅटमध्ये, तुझ्यापेक्षा महाग कार्डासह. तो मुलगा काही म्हणाला नाही की आमच्या बाणेरला असाच माल येतो. तो म्हणाला, काहीतरी चुकलंय, बघू. एवढाच फरक आहे, छोट्या, आणि तो फरक मला फार लागतो. खामगावात काही बिघडलं की खामगावचाच दोष, हे तुला कोणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं. बाबांनीही नाही.

जलंबहून आपल्या गावाला जो रेल्वेचा फाटा येतो, तो १८७० चा आहे. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द इथे आला होता. कशासाठी आला होता? अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडाचा कापूस लागला. वऱ्हाडातला कापसाचा मोठा बाजार खामगावला भरायचा, म्हणून मुख्य लाईनपासून इथवर रूळ टाकले. जगाच्या व्यवहारात हे गाव दीडशे वर्षांपूर्वीपासून आहे. आज तू जे कार्ड वापरतोस त्याच्या कंपनीचं कार्यालय पुण्यात आहे, आणि तिथे मराठी मुलं-मुली कामाला जातात. शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तुला जायचं आहे, तिथून निघालेली मुलं कुठे कुठे पोचली आहेत ते तुलाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मग माल आणि माणसं यांच्याबद्दल आधीच हार मानायची ही सवय कुठून आणलीस?

कडक बोलते आहे, माहीत आहे. पण तुझ्यावर रागावताना मला तो पावसाळा आठवतो आणि शब्द मऊ होतात. मी पुण्याहून बॅग घेऊन परत आले होते. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं शेगावला उतरले, तू मोटारसायकल घेऊन उभा होतास. का आले, किती दिवस राहणार, काही विचारलं नाहीस. घरी सगळे जपून बोलत होते, तेच जास्त टोचत होतं. तू रात्री तुझ्या खुर्चीवर मला बसवलंस, कंट्रोलर हातात दिलास आणि म्हणालास, “कोणालाच मारू नको, नुसती घोडी फिरव.” तेव्हा हे कार्ड आलेलं नव्हतं. इंटेलच्या त्याच छोट्या ग्राफिक्सवर, सगळे तपशील खाली आणून, तू माझ्यासाठी ‘विचर’ चालेलसा करून ठेवला होतास. मी रात्र रात्र त्या डोंगरांतून घोडी फिरवली. समुद्रातल्या त्या बेटांवर गेले, माळरानातून गेले. तू मागे खाटेवर झोपायचास, आणि मी अडकले की झोपेतूनच सांगायचास, डावीकडं वळ.

त्या दिवसांबद्दल आपण कधी बोललो नाही. बोलायचीही गरज नाही. पण म्हणूनच या खेळातून काही हरवलं की ते मला माझं हरवल्यासारखं वाटतं. आणि म्हणूनच तुझी जाहिरात पाहून मला इतकं लागलं. ते कार्ड नुसतं तुझं नाही रे.

तेव्हा तू कमी साधनांत वाट काढलीस. एकेक सेटिंग वाचलंस, बदललंस, काय बदलतं ते पाहिलंस. लॉकडाऊनमध्ये बाबांचा पीकविम्याचा अर्ज, आईचं बँकेचं खातं, शेजारच्या काकूंच्या मुलीची ऑनलाइन परीक्षा, सगळं तूच उरकलंस, शाळेत होतास तरी. तेव्हा तुला कोणी सांगितलं नव्हतं की आपल्या इकडं जमत नाही. मग चांगलं साधन हाताशी आल्यावर हातपाय का गाळलेस? पैसे बाबांचे होते, म्हणून धास्ती होती? तेच असेल. ते मला कळतं. पण धास्ती होती तर पहिला फोन मला करायचा होतास.

पुढच्या वेळी काही नाहीसं झालं तर आधी डिव्हाइस मॅनेजर उघड आणि कार्डाचं नाव वाच. मग केबल कुठे आहे ते बघ. मग खेळ कोणत्या डायरेक्टएक्सवर उघडला आहे ते, आणि तो खेळ ही सोय देतो का ते. मग तुझ्या मालिकेच्या कार्डाला ती सोय आहे का ते. एवढं झाल्यावरही काही उरलं तर दुकानदाराकडे जा, आणि तेव्हासुद्धा विचारायला जा, भांडायला नाही. यूपीएस मी घेऊन देते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात लाईन जाणारच. ड्रायव्हर टाकताना किंवा बायोस बदलताना तेवढी दहा मिनिटं वीज हातची असली पाहिजे. बायोस अर्धवट राहिला तर मदरबोर्डच जायचा, हे लक्षात ठेव. कॅबिनेटही महिन्याकाठी उघडून पंख्यांवरची धूळ काढत जा.

त्या अकोल्याच्या दुकानदाराला मी ओळखत नाही. पण त्यानं पैसे घेतले आणि जे नाव सांगितलं तेच कार्ड दिलं. तू त्याच्याबद्दल गल्लीत काय काय बोलला आहेस ते तुलाच ठाऊक. ज्यांच्यासमोर बोललास त्यांच्यासमोरच ते परत घे. दुकानदार ऐकणार नाही म्हणून काय झालं? उद्या त्याच्याकडे कोणी गेलं नाही, तर ते तुझ्या बोलण्यानं झालेलं असेल.

मी कोजागिरीनंतर, मोठ्या देवीच्या उत्सवात येते आहे. तेव्हा दोघं बसून खेळू. आता डीएक्स१२ वर ती बेटं कशी दिसतात ते मला बघायचं आहे.

त्याआधी दोन कामं कर. जाहिरात आजच काढून टाक. आणि बाबांना तू स्वतः सांग, माझ्या तोंडून नको: कार्ड अस्सल आहे, आपल्याला कोणी फसवलेलं नाही.

तुझी,
ताई